रवळनाथाचा उजवा कौल

घाटकोपरला आमची चाळ टेकडीच्या पोटाशी होती आणि सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या पत्र्यावरून जायची. इतकी खालून जायची, की मांडणीतले पितळी पेले किणकिणायचे आणि आई म्हणायची, आला गं तुझा काका जेवायला. दिनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो खरंच विमानात होता, पण पेले वाजवणाऱ्या विमानांत नाही, हवाई दलाच्या बॉम्बरमध्ये. त्याच्या विमानात दोनच माणसं असत. एक पायलट आणि दुसरा रस्ता सांगणारा. रस्ता सांगणारा तो आमचा काका. मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल आणि मनगटावर मोठं घड्याळ घेऊन तो पायलटच्या मागे बसायचा. बॉम्ब टाकायची वेळ आली की पुढे विमानाच्या नाकात जाऊन पालथा पडायचा. हे त्याने मला चटईवर पालथं पडून दाखवलं होतं आणि खाली बॉम्बऐवजी आईच्या सुकत घातलेल्या आमसुलांवर एक चप्पल टाकली होती. आईने त्याला तीच चप्पल फेकून मारली.

गंमत अशी की आकाशात रस्ता सांगणारा हा माणूस जमिनीवर हमखास चुकायचा. रजेवर आला की काकी त्याला स्टेशनजवळच्या बाजारात मासळीला पाठवायची आणि तो तासाभराने भलत्याच गल्लीतून, भलतेच मासे घेऊन यायचा. बांगडे सांगितले तर मांदेली. काकी कपाळावर हात मारून म्हणायची, सरकारने कुणाच्या हातात नकाशा दिलाय बघा. तिला हसू आवरायचं नाही. काकीचं नाव सुमन. मालाडची, लग्न झालं तेव्हा वीस वर्षांची. मी बारा वर्षांची होते, म्हणजे आमच्यात अंतर ते किती. ती माझी काकी कमी आणि थोरली बहीण जास्त होती. माझ्या वेण्या घालायची आणि घालताना केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. लग्नानंतर काही महिने ती काकासोबत उत्तरेकडच्या तळावर क्वार्टरमध्ये राहिली. मग बांगलादेशच्या लढाईचं वारं वाहायला लागलं आणि बायकामुलांना घरी पाठवलं, तशी ती दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आली. माहेरी का गेली नाही, असं चाळीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, हे रजेवर आले की आधी इथेच येणार ना.

लढाई लागली तेव्हा आम्हा मुलांना मजाच वाटली, हे कबूल करते. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे अर्धे दिवे काळे, भोंगा झाला की सगळ्यांनी दिवे मालवायचे. बाबा कांजूरमार्गच्या कारखान्यात होते. तिथून आले की चहासुद्धा न घेता रेडिओपाशी बसत. तार आली ती भर दुपारी. आई डाळ धूत होती आणि काकी अंगणातल्या नळावर होती. तारवाल्याने नाव विचारलं तेव्हा तिनेच सही करून ती घेतली आणि मला म्हणाली, नलू, वाच गं, माझे हात ओले आहेत. मी वाचली. इंग्रजी होती, पण सातवीच्या मुलीला कळेल एवढी सोपी होती. कामगिरीवर गेलेलं विमान परतलेलं नाही, तुमचे पती बेपत्ता आहेत, पुढचं कळवू. काकीने हात पदराला पुसले, तार माझ्याकडून घेतली आणि पुन्हा नळावर गेली. भांडी अर्धी राहिली होती. ती पूर्ण घासूनच आत आली, आणि मग मात्र आईच्या मांडीवर पडून अशी ओरडली की शेजारपाजारची दारं उघडली.

नंतर त्याच्या साहेबांचं लांबलचक पत्र आलं. विमान संध्याकाळी निघालं, काम केलं, परत फिरल्याचा निरोप बिनतारी यंत्रावर आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. विमानाचा तुकडासुद्धा सापडलेला नाही. आज वाटतं, ते एक वाक्य त्या भल्या माणसाने लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. आमचं सगळं घर पुढे त्याच वाक्यावर जगलं. सरहद्दीपलीकडचा रेडिओ संध्याकाळी युद्धकैद्यांची नावं सांगायचा. बाबा आणि शेजारचे दोघेतिघे कान लावून बसत. काकी कधीच बाहेर येऊन बसली नाही. ती आत भाकऱ्या थापायची, पण नावं सुरू झाली की भाकरीचा आवाज थांबायचा आणि संपली की पुन्हा सुरू व्हायचा. त्या दिवसांत आमच्या घरात करपलेल्या भाकऱ्या फार खाल्ल्या गेल्या आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

संक्रांत आली. चाळीत हळदीकुंकू म्हणजे बायकांचा मोठा दिवस. काकीला बोलवायचं की नाही, यावर बायकांची आपसांत खलबतं झाली असणार, कारण बोलावणं आलं ते इतक्या उशिरा आणि इतक्या गोड आवाजात, की मलाही काहीतरी चुकतंय हे कळलं. काकी गेली. मी सोबत होते. यजमानीणबाईंनी हळद लावली आणि कुंकवाच्या करंड्यावर त्यांचं बोट थांबलं. वाईट बाई नव्हत्या त्या, पण बोट पुढे जाईना. काकीने स्वतःच करंड्यात बोट बुडवून कपाळाला लावून घेतलं, तिळगूळ घेतला आणि घरी आली. त्याच संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन बाबांसमोर उभी राहिली. एरवी बाबांशी ती आईमार्फत बोलायची. म्हणाली, “दादा, मला कुणी काही धड सांगत नाही. सरकारला ठाऊक नाही, रेडिओला ठाऊक नाही. तुम्ही गावी जाऊन रवळनाथाला विचारून या. तो सांगेल ते मी मानीन. उजवी दिली तर थांबेन, डावी दिली तर कपाळ पुसेन.”

आमच्या गावी, मालवणच्या बाजूला, अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, तुमचा प्रश्न देवाला सांगतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्न जमवायचं, विहीर खणायची, भांडण मिटवायचं, सगळं तिथे ठरतं. मुंबईत राहून, युनियनची पत्रकं वाचून बाबा या गोष्टींना हसायचे. पण सुमनकाकीसमोर ते हसले नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत एसटीने गावी गेले आणि मला सोबत नेलं. का नेलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. एकटं जायचं धाडस नव्हतं, एवढंच उत्तर मला सापडतं.

देवळात सकाळी सकाळी आम्ही तिघंच होतो, बाबा, मी आणि गुरव. शेणाने सारवलेल्या जमिनीचा आणि उदबत्तीचा वास होता. गुरवाने कळ्या लावल्या आणि बाबांकडे वळून म्हणाला, “बोल, काय इचारूचा हा?” बाबा गप्प. गुरवाला वाटलं ऐकू गेलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. बाबा कळ्यांकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, “घरातल्या माणसांका सांभाळून घेतलस तर उजवी दी, म्हणान सांग.” गुरवाने एकदा माझ्याकडे पाहिलं. दिनूची बातमी गावाला ठाऊक होती, आम्ही कशाला आलोय हेही ठाऊक होतं. पण विचारणाऱ्याने जे विचारलं तेच देवाला सांगायचं, असा नेम आहे. त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा रवळनाथा, ह्या लेकराच्या घरातल्या माणसांका सांभाळून घेणार असशीत तर उजवी दी रे म्हाराजा.” बाबा आणि मी म्हणालो, “व्हय म्हाराजा.” आम्ही फार वेळ बसलो नाही. उजवीकडची कळी टपकन पडली. बाबांनी जमिनीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

परतताना आम्ही काजूच्या बागेतून चालत होतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काकाचं विचारलंच नाही. ते थांबले. माझ्यासमोर ते कधी रडले नव्हते आणि तेव्हाही रडले नाहीत, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता. म्हणाले, “नलू, डावी पडली असती तर मी घरी काय घेऊन गेलो असतो?” मग पुढे चालू लागले आणि थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाले, देवाने उजवी दिली, एवढंच सांगायचं. ते काही खोटं नाही. आणि खरंच, त्यात शब्दाने खोटं असं काही नव्हतं. मी तेव्हा बाबांवर रागावले नाही. मला त्यांची दया आली आणि बापाची दया येणं हे त्या वयात रागापेक्षा वाईट असतं.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “उजवी दिली.” काकी त्यांच्या पाया पडली, माझ्या तोंडात साखर घातली आणि त्या दिवशी तिने घावणे आणि ओल्या नारळाचा गोड रस केला. मी चार घावणे खाल्ले. बाबांनी पानाला हात लावला आणि पोट बरं नाही म्हणून उठले. त्यानंतर बाबा गावी म्हणून कधी गेले नाहीत. जत्रेला नाहीत, भावकीतल्या लग्नांना नाहीत. लोकांना वाटलं भावाच्या दुःखाने गेले नाहीत, आणि ते तरी कुठे चूक होतं.

पुढे कैद्यांची देवाणघेवाण झाली, माणसं सरहद्द ओलांडून घरी आली, वर्तमानपत्रांत हार घातलेले त्यांचे फोटो आले. त्यांत काका नव्हता. त्याच सुमाराला देहरादूनहून एक पत्र आलं. काकासोबतच्या पायलटच्या वडिलांचं, हिंदीत, थरथरत्या अक्षरातलं. त्यांनी गंगेवर जाऊन मुलाचे सगळे विधी केले होते आणि आम्हालाही कळवत होते, की बेटा, आता तुम्हीही करा, दोघे एकत्र गेले आहेत. बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं. काकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्यांना बिचाऱ्यांना कौल लावायला कुणी नाही. एकाच विमानात बसलेली दोन माणसं, त्यातल्या एकाचं तिकडे श्राद्ध झालं आणि दुसऱ्यासाठी इकडे बांगडे तळायचे राखून ठेवलेले. मला हसू येतं आता, आणि मग येत नाही. सरकारचाही कागद आला, की आता मृत समजण्यात यावं. त्यावर काकीची सही हवी होती. तिने केली नाही.

मग एका रविवारी मालाडहून यशवंतमामा आले. काकीचे थोरले भाऊ, स्वभावाने सरळ, बोलायला तिखट. त्यांनी एक स्थळ आणलं होतं. बोरिवलीचे शाळामास्तर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही, माणूस सुधारकी मताचा. त्याला सगळं सांगितलं होतं आणि त्याची हरकत नव्हती. मामा म्हणाले, पोरगी तेवीसची आहे, काय जन्मभर टेकडीवरून विमानं मोजत बसणार? आई रडत होती, पण रडत रडत मान हलवत होती, म्हणजे तिचंही तेच मत होतं. बाबा खाली बघून बसले होते. मामांनी हात जोडले. “दादा, तुम्ही तिला वडिलांच्या जागी. तुम्ही एक शब्द टाका, ती ऐकेल.” बाबांनी तो शब्द टाकला नाही. दुसराही टाकला नाही. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की मी विचारलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि त्यातून, “तिची इच्छा,” एवढंच बाहेर आलं.

काकी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मला आजही वाटतं, त्या दिवशी ती थोडी डळमळली होती. मास्तरांचा फोटो मामांनी चटईवर ठेवला होता आणि तिने तो पाहिला होता. उगाच पाहिला नव्हता, नीट पाहिला होता. तेवीस वर्षांची होती ती, दगड नव्हती. मग ती वळली आणि तिने बाबांना नाही, आईला नाही, मला विचारलं. “नलू, तू होतीस ना देवळात? तुझ्यासमोर पडली ना उजवी?”

मी पंधरा वर्षांची होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळ्यांनी मला गप्प बसवत नव्हते. तसं असतं तर मी आज त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते. सांग म्हणत होते की नको म्हणत होते, ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. बहुतेक त्यांनाच कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं की मी खरं सांगितलं तर याच चटईवर, मामांसमोर, माझे बाबा उघडे पडतील. मी म्हटलं, “हो. उजवीच पडली.”

काकीने फोटो उचलून पदराने पुसला, मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, मास्तरांना सांगा, माणूस चांगला दिसतो, दुसरी चांगली मुलगी मिळेल. मग तिने सगळ्यांसाठी पोहे टाकले. मामांनी खाल्ले नाहीत. चप्पल घालताना बाबांना म्हणाले, तुमच्या देवाने माझ्या बहिणीची वाट लावली दादा. बाबा त्यांना खाली रस्त्यापर्यंत पोचवायला गेले आणि परत यायला त्यांना दुपार झाली.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी काही नाहीत. काकी बालवाडीत शिकवायला लागली. निम्म्या घाटकोपरच्या पोरांना तिने अ आ इ गिरवायला लावलं. बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनी सुचवलं, की बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, तो विधी उरकून घ्या. बाबा म्हणाले, बघू. ते शेवटपर्यंत बघूच म्हणत राहिले. गेले तेव्हा शेवटच्या आजारात माझा हात धरून त्यांनी काकीचं नाव घेतलं आणि पुढे बोलता आलं नाही. मी म्हटलं, मी सांगेन बाबा. त्यांनी डोळे मिटले. मी सांगितलं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्न केलं नाही, आई गेल्यावर काकी आणि मी, आम्ही दोघीच राहिलो. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट कधी सांगायची, भाताबरोबर की ताकाबरोबर?

सांगितली ती परवा. आमच्या जागेचा पुनर्विकास निघाला आहे. चाळ जाऊन टॉवर होणार, म्हणून प्रत्येक घराने फॉर्म भरून द्यायचा आहे. दुपारची वेळ, काकी वालाचं बिरडं सोलत बसली होती, पंचाहत्तराव्या वर्षीही माझ्यापेक्षा भराभर सोलते. मी टेबलाशी बसून तिचा फॉर्म भरत होते. वैवाहिक स्थिती, असा रकाना आला. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, काय लिहू? तिने मान वर न करता सांगितलं, विवाहित. आणि मला काय झालं कोण जाणे. माझंच वय झालंय, आधी मी गेले तर तिला कोण सांगणार, असं काहीतरी मनात आलं असेल. मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. देऊळ, गुरव, बाबांचा प्रश्न, काजूची बाग, आणि मग त्या रविवारचं माझं हो. सांगताना मी रडले. तिने बिरडं सोलणं थांबवलं नाही.

मी थांबल्यावर तिने विचारलं, “दादांनी नक्की काय म्हटलं देवाला?” मी शब्दन् शब्द सांगितला. “ह्यांचं नाव घेतलंच नाही?” मी म्हटलं, नाही. तिने हातातला वाल सोलून टाकला. माझी तयारी होती. तिने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, निदान बोरिवलीच्या मास्तरांचं नाव काढावं. त्यातलं काहीही झालं असतं तरी मला बरं वाटलं असतं. आपला जन्म एका न विचारलेल्या प्रश्नावर गेला, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार, असं मला वाटत होतं. तिने हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“नले, म्हणजे अजून कुणी विचारलेलंच नाही गं,” ती म्हणाली. “मे महिन्यात जाऊ. या वेळी मी येते. मीच विचारीन.”

तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, तोवर विवाहितच लिही. मी लिहिलं.